माझगांवचें चिनी देऊळ आणि काकांची बाकी

प्रत्येक घरांत जमाखर्चाची एक वही अशी असते कीं, ती कधींच लिहिली जात नाहीं. कोणाचें देणें राहिलें, कोणाच्या दारीं जावयाचें राहून गेलें, कोणास पाहून आपण तोंड चुकविलें, अशा तिच्यांतील नोंदी. आणि घरांतील वडील माणसें एकेक करून उठून गेलीं म्हणजे ती वहीही त्यांच्याबरोबर जाते. या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें जी हकीकत मांडीत आहोंत, ती अशाच एका नोंदीची आहे. तिच्या निमित्तानें मुंबईंतील एक जुनी चिनी वस्ती आम्हांस पाहावयास मिळाली. एरवीं त्या बाजूस आमचें पाऊल वळलें असतें असें वाटत नाहीं.

आमचें घर चितेगांवचें. छत्रपति संभाजीनगराहून पैठणास जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव लागतें. पूर्वीं शेतकऱ्यांचें, आतां कारखान्यांचें. घरांत तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात, आणि सर्वांत वडील म्हणजे आमचे थोरले काका. त्यांस ८७ वें वर्ष चालू आहे. दृष्टि मंद झाली आहे, परंतु स्मरण तल्लख आहे. गेल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं वह्यांवर हळदकुंकू वाहून झालें, लाह्या-बत्ताशे वाटून झाले, आणि काकांनीं आम्हांस जवळ बोलावून एक पिवळी पडलेली चिठ्ठी हातांत दिली. तिच्यावर इंग्रजींत ३५ रुपये बाकी एवढेंच लिहिलेलें, खालीं चिनी अक्षरांतील सही, आणि तारीख ६ ऑक्टोबर १९६२.

"एवढें फेडून या," काका म्हणाले, "माझ्यानें झालें नाहीं."

हकीकत अशी. १९६२ सालीं काका २४ वर्षांचे होते. मुंबईस एका कचेरींत कारकून, आणि गिरगांवांतील एका चाळींत चौघांबरोबर एका खोलींत राहाणें. आजोबांचे दांत साठीच्या आधींच गेले होते. भाकरी दुधांत कुसकरून खाण्याची पाळी आली, आणि हुरड्याच्या दिवसांत तर ते शेतावर जाण्याचेंही टाळूं लागले. काकांनीं त्यांस मुंबईस नेलें. त्या काळीं मुंबईंत चिनी दंतवैद्य बरेच होते. हात हलका, काम नेटकें आणि दर कारकुनास झेपेल असा, अशी त्यांची ख्याति. त्यांपैकीं एकाच्या दुकानीं पांच खेपा झाल्या. मेणांत ठसा घेतला, कवळी घडविली, बसवून पाहिली, घासली, पुन्हां बसविली. पैसे हप्त्यांनीं द्यावयाचे ठरलें होतें. शेवटचे ३५ रुपये दिवाळीच्या पगारांतून देतों असें काका म्हणाले, तेव्हां त्या गृहस्थांनीं ती चिठ्ठी लिहून दिली आणि हंसून मान हलविली.

कवळी घेऊन आजोबा चितेगांवीं परतले, तेव्हां माजघरांत मोठा शास्त्रार्थ झाला. परदेशी माणसाच्या हातचे दांत सोवळ्यांत चालतात कीं नाहीं? आजीनें ती कवळी प्रथम गंगाजळानें धुतली, आणि नैवेद्याच्या दिवशीं तेवढी काढून ठेवावी असा निर्णय दिला. परंतु नैवेद्याच्या दिवशींच पानांत कुरडया आणि पापड असतात; त्यामुळें दोन सणांत तो निर्णय आपोआपच रद्द झाला. आजोबा पुढें १९ वर्षें जगले. त्या १९ वर्षांत त्यांनीं या घरांत खाल्लेला एकूणएक घास त्या चिनी माणसानें घडविलेल्या दांतांनीं चावला होता.

इकडे दिवाळीस आठवडा उरला असतां, २० ऑक्टोबर रोजीं, चीनच्या फौजा हिमालयांत उतरल्या. त्या महिन्याभरांत देशानें काय सोसलें तें सांगावयास नको. नोव्हेंबरांत यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, तेव्हां सह्याद्रि हिमालयाच्या साह्यास गेला ही भाषा घरोघर होती. बायकांनीं अंगावरचे दागिने काढून संरक्षणनिधीस दिले. कचेरींत जो तो चीनला शिव्या घालीत होता, आणि कोणी चिनी दुकानाची पायरी चढतांना दिसला तर त्याच्याकडे वांकड्या नजरेनें पाहिलें जात होतें. काका त्या दुकानावरून रोज जात. ते रस्त्याच्या दुसऱ्या कडेनें जाऊं लागले. एके सायंकाळीं तो दंतवैद्य दारांत उभा होता. त्यानें काकांना ओळखलें. काकांनीं न पाहिल्यासारखें केलें. जानेवारींत ते पैसे घेऊन गेले, तों दाराला कुलूप. शेजारचा दुकानदार म्हणाला, "गेले." कोठें, तें कोणासच ठाऊक नव्हतें.

चिठ्ठी घरांत फिरली आणि देणें किती यावर मोठी चर्चा झाली. आमचा पुतण्या पेढींत नोकरीस आहे. त्यानें सहा टक्के चक्रवाढीनें ६३ वर्षांचा हिशेब करून सुमारे १,३७५ रुपये होतात असें सांगितलें. आमचे धाकटे काका वकिली केलेले. त्यांनीं आपल्या जुन्या कायद्यांतील दामदुपटीचा नियम काढला. व्याज मुदलाहून अधिक घेतां येत नाहीं, तेव्हां ७० रुपयांत सारें मिटतें! थोरले काका सर्वांचें ऐकून घेऊन म्हणाले, "पैशांचें व्याज निघेल रे, मीं तोंड फिरविलें, त्याचें कसें काढतोस?" त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. काकांनीं स्वतःच पाकिटांत २,००१ रुपये घातले. तो माणूस सांपडणार नाहीं हें त्यांस कळत होतें. मुंबईस चिनी लोकांचें एक देऊळ अद्यापि आहे असें कोणाकडून तरी त्यांनीं ऐकलें होतें. तेथें हे पैसे पोंचवावे एवढीच त्यांची इच्छा.

देवगिरी गाडीनें आम्ही व आमची कॉलेजांत शिकणारी पुतणी सकाळीं मुंबईस उतरलों. तेथून हार्बर मार्गाच्या लोकलनें मस्जिद व सँडहर्स्ट रोड हीं स्थानकें मागें टाकून डॉकयार्ड रोडला उतरावयाचें. येथून माझगांव लागतें. मुंबई ज्या सात बेटांची झाली त्यांपैकीं हें एक. एकीकडे आरमारासाठीं लढाऊ जहाजें बांधणारी माझगांव गोदी, दुसरीकडे म्हातारपाखाडीचीं जुनीं कौलारू ख्रिस्ती घरें, आणि मधल्या गल्ल्यांतून गुदामें, वखारी, चाळी. आमच्या पुतणीनें सिंगापूर आणि सॅन फ्रान्सिस्को येथील चिनी वस्त्यांचीं चित्रें पाहिलेलीं. तेथल्यासारखी रंगीत कमान, कागदी कंदिलांच्या माळा आणि दुकानांवर चिनी पाट्या असतील, या अपेक्षेनें ती चोहोंकडे पाहात होती. यांतलें येथें कांहींएक नाहीं. ज्या भागांत एके काळीं चिनी खलाशी, सुतार आणि गोदीकामगार यांचीं बिऱ्हाडें होतीं, तेथें आतां कोणास विचारावें तर तो प्रथम आपल्याकडे पाहातो आणि मग म्हणतो, "ते देऊळ ना? नवाब टँक रस्त्याला जा."

हे लोक येथें आले कसे, हें थोडें सांगितलें पाहिजे. मुंबई आणि कँटन यांच्यामधील गलबतांची ये-जा अठराव्या शतकापासूनची. इकडून कापूस आणि माळव्याची अफू जात असे. तिकडून चहा, रेशीम आणि चिनी मातीचीं भांडीं येत. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं आपली संपत्ति या चीनच्या व्यापारांत मिळविली. त्यांच्या दानांतून १८४५ सालीं सुरू झालेलें रुग्णालय माझगांवापासून फार दूर नाहीं, आणि आपल्या मराठवाड्यांतील किती तरी रोगी आजही तेथें जातात. परंतु त्याच अफूनें चीनमधील लाखों घरांची राखरांगोळी केली, आणि तीवरून १८३९ व १८५६ सालीं दोन युद्धें झालीं, हेंही त्याच वहीच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलें आहे. दवाखान्याचें पुण्य आपण अभिमानानें सांगतों; अफूचें पान सहसा कोणी उलटीत नाहीं.

मुंबईपेक्षां मोठी चिनी वस्ती कलकत्त्याची. वॉरन हेस्टिंग्जच्या कारकीर्दींत एका चिनी व्यापाऱ्यास हुगळीच्या कांठीं साखरेच्या कारखान्यासाठीं जमीन मिळाली. त्याच्याच नांवावरून त्या गांवास अछिपूर म्हणतात. पुढें टिरेटा बाजार आणि टांग्रा या वस्त्या झाल्या. आपल्या महाबळेश्वरींही एके काळीं चिनी माणसें होतीं, हें थोड्यांस ठाऊक असेल. गेल्याच्या मागील शतकांत मलायाकडून आणलेल्या चिनी कैद्यांना तेथें ठेवीत. त्यांनीं बटाटे आणि भाज्या यांचे मळे फुलविले, वेताचें काम केलें, आणि १८६४ सालीं तो तुरुंग उठला. चायनामन धबधबा हें नांव तेवढें मागें राहिलें. माझगांवचे चिनी मात्र कैदी नव्हते. ते दर्यावर पोट भरणारे लोक होते. बहुतेक कँटनच्या दक्षिणेकडील चार परगण्यांतले. त्यांच्या बोलींत चार परगणे म्हणजे 'सी यप', आणि परगांवच्या गांवकऱ्यांनीं मिळून उभारलेली उतरण्याची जागा म्हणजे 'कून'. पुण्यामुंबईस आपल्या कोंकणस्थांनीं नि देशस्थांनीं आपापल्या गांवकऱ्यांच्या खोल्या चालविल्या, तसाच हा प्रकार. तोच 'सी यप कून' १९१९ सालीं माझगांवांत उभा राहिला आणि त्याच्याच आंत देव बसविले गेले.

इमारत साधी आहे. लाल रंग आणि चिनी अक्षरें नसतीं, तर आम्ही पुढें निघून गेलों असतों. आंत जातांच उदबत्तीचा वास आला, आणि नकळत आम्हीं पायांतल्या वहाणा काढल्या. खालच्या मजल्यावर करुणेची देवी क्वान यिन आहे, आणि जिना चढून वर गेलें म्हणजे न्याय आणि शौर्य यांचा देव क्वान कुंग.

क्वान यिनविषयीं आमच्या पुतणीनें विचारलें, "ही कोण?" आणि आम्हांस उत्तर द्यावयास मुंबईच्या बाहेर जावें लागलें नाहीं असें नव्हे, थेट आमच्याच गांवच्या उशाशीं जावें लागलें. ही देवी मूळची आपली. बौद्धांचा जो अवलोकितेश्वर बोधिसत्त्व, दुःखितांची हांक ऐकणारा, तोच ग्रंथांतून आणि भिक्षूंच्या मुखांतून चीनला गेला, आणि तेथें कांहीं शतकांत त्याचें मातृरूप झालें. संभाजीनगरास बीबी-का-मकबऱ्याच्या पाठीमागच्या डोंगरांत लेणीं आहेत. त्यांतील सातव्या लेण्यांत हा अवलोकितेश्वर उभा आहे, आणि त्याच्या दोन्ही अंगांस आठ महाभयें कोरलेलीं आहेत: अग्नि, तरवार, बेड्या, सिंह, सर्प, हत्ती, मृत्यु, आणि समुद्रांत बुडूं पाहाणारें एक गलबत. गलबतांतलीं माणसें हात जोडून त्याला हांक मारीत आहेत. समुद्र कधीं न पाहिलेल्या आमच्या डोंगरांत तेराशें-चौदाशें वर्षांपूर्वीं कोणीं तें गलबत कोरलें! आम्हीं तें लेणें लहानपणापासून पाहिलें, डबे घेऊन तेथें सहलीस गेलों. परंतु ती हांक ज्यांनीं खरोखर समुद्रावर मारली असेल, त्यांच्या देव्हाऱ्यापुढें आम्ही त्या दिवशीं प्रथमच उभे होतों. 'शेजारीण आपलीच निघाली,' असें पुतणी म्हणाली, तें आम्हांस पटलें.

वरच्या मजल्यावरील क्वान कुंगची गोष्ट तर आमच्या खिशांतील पाकिटाशींच जुळणारी निघाली. हा देव मुळांत माणूस होता. दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत चीनमध्यें राज्यांचीं भांडणें चाललीं होतीं, त्या वेळचा हा सेनापति क्वान यू. लाल चेहरा आणि लांब दाढी ही त्याची खूण. इ. स. २०० मध्यें तो आपल्या स्वामीचा शत्रु त्साव त्साव याच्या हातीं सांपडला. शत्रूनें त्याचा छळ केला नाहीं; उलट मान दिला, संपत्ति दिली, आपल्याकडेच राहा म्हणून आग्रह केला. क्वान यूनें सांगितलें कीं, मी राहाणार नाहीं. परंतु आपण माझ्याशीं चांगले वागलां, त्याची फेड केल्यावांचून जाणारही नाहीं. पुढें रणांत मोठी कामगिरी करून त्यानें ती फेड केली, मिळालेल्या सर्व देणग्या मोहोरबंद करून जागच्या जागीं ठेविल्या, निरोपाचें पत्र लिहिलें आणि मग तो आपल्या स्वामीकडे निघून गेला. शत्रूनेंही त्याचा पाठलाग करूं दिला नाहीं. या एका वर्तनामुळें चीनचे व्यापारी त्याला सचोटीचा साक्षी मानतात. दुकानादुकानांतून त्याची तसबीर असते. आपण दिवाळींत लक्ष्मीपुढें वह्या ठेवतों, त्याच भावनेनें ते याच्यापुढें उभे राहातात.

शत्रूचेंही देणें फेडल्यावांचून जो गेला नाहीं, त्याच्या समोर आम्ही ६३ वर्षांची थकबाकी घेऊन उभे होतों. त्यांतून काकांचा दंतवैद्य तर शत्रुही नव्हता. त्यानें आमच्या आजोबांचे दांत बसविले होते, एवढाच त्याचा अपराध.

इतक्यांत एक वृद्ध चिनी बाई दर्शनास आल्या. हातांत संत्रीं आणि उदबत्त्यांचा पुडा. आम्ही घुटमळत आहोंत असें पाहून त्यांनींच अस्सल मुंबईच्या मराठींत विचारलें, "कोण पाहिजे?" आम्हीं चिठ्ठी पुढें केली आणि सारें सांगितलें. त्यांनीं ती खिडकीच्या उजेडांत धरून सही वाचून पाहिली. आडनांव कळलें, परंतु त्या आडनांवाचीं माणसें पुष्कळ. "दातांचे डॉक्टर आमच्यांत तेव्हां बरेच होते," त्या म्हणाल्या. "कोणी कॅनडाला गेले, कोणी हाँगकाँगला. कांहीं अँटॉप हिलला आहेत." अँटॉप हिलला म्हणजे काय, हें आमच्या ध्यानांत यावयास क्षणभर लागला. तेथें मुंबईच्या चिनी लोकांची दफनभूमि आहे.

१९६२ सालीं त्या सात वर्षांच्या होत्या. जन्म मुंबईचा, शाळा मुंबईची. वडील ठरल्या दिवशीं पोलिसांकडे हजेरी देण्यास जात आणि परत येईपर्यंत आई दारांत उभी असे. शाळेंत मुलें हांका मारीत. म्हणून घरच्यांनीं कांहीं दिवस शाळाच बंद ठेविली. हें त्यांनीं तक्रार म्हणून सांगितलें नाहीं. पावसाळ्यांत घर गळत असे असें सांगावें, तशा सुरांत सांगितलें.

मुंबईंतील पुष्कळांचें नोंदणी आणि निर्बंध यांवरच निभावलें. आसाम, शिलाँग, दार्जिलिंग इकडील चिन्यांचें तेवढ्यावर सुटलें नाहीं. तेथून सुमारे ३,००० माणसें आगगाडींत घालून राजस्थानांतील देवळी येथील छावणींत नेण्यांत आलीं. त्यांत म्हातारीं होतीं, लेंकुरवाळ्या होत्या, येथेंच जन्मलेलीं व चीन कधींही न पाहिलेलीं मुलें होतीं. त्यांच्यावर कोणताही खटला चालला नाहीं. कित्येकांस चीनला पाठविण्यांत आलें. कांहीं १९६७ पर्यंत अडकून पडलीं. सुटून आलेल्यांस आपलीं घरें-दुकानें दुसऱ्यांच्या ताब्यांत गेलेलीं दिसलीं. सीमेवर लढणाऱ्या जवानांचें शौर्य आणि त्या पराभवाचें दुःख आम्ही लवमात्र कमी लेखीत नाहीं. परंतु हिमालयांतील चढाईचा जाब गिरगांवांतील दंतवैद्याकडे मागणें, हें कोणत्या न्यायांत बसतें?

आणि हें कोणाकडून झालें? ज्यांनीं सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचें नांव अभिमानानें घेतलें, त्याच आपल्याकडून. १९३८ सालीं ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेथेंच त्यांनीं विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं जखमी सैनिकांची सेवा करतां करतां वयाच्या ३२ व्या वर्षीं देह ठेविला. व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं त्यांच्यावर चित्रपट काढला, तो आमच्या आजोबांनीं पाहिला होता. चीननें आमच्या एका वैद्याला आपला मानलें; आणि त्यांचा एक वैद्य आमच्या रस्त्यावर उभा होता, तेव्हां आम्ही कडेनें निघून गेलों. सातव्या शतकांत ह्युएनत्संग नांवाचा चिनी प्रवासी दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यांत आला होता. महाराष्ट्रांतील लोकांविषयीं त्यानें लिहून ठेविलें आहे कीं, हे लोक उपकार करणाऱ्यास विसरत नाहींत आणि अपमान करणाऱ्यास सोडीत नाहींत. १९६२ सालीं त्याच्या वाक्याचा उत्तरार्ध आपण पाठ म्हटला; पूर्वार्ध घरीं राहिला.

आज चिनी माणूस दिसत नाहीं, पण त्याच्या नांवाचें खाणें गल्लोगल्लीं आहे. आमच्या चितेगांवच्या नाक्यावरही सायंकाळीं तशी एक गाडी लागते, आणि कोबीचें मंच्युरियन घरीं कसें करावें हें आमच्या धाकट्या सुनांना पुरणापेक्षां चांगलें येतें. हा पदार्थ चीनचा नव्हेच. कलकत्त्यास जन्मलेले नेल्सन वाँग यांनीं १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबांत आले, लसूण, मिरची यांच्या फोडणींत मक्याचें पीठ आणि सोयाचा रस घालून तो बनविला, असें सांगतात. आपल्या जिभेला रुचेल असें त्यांनीं आपल्याला दिलें. आपण तें घेतलें, आणि देणाऱ्याचें घर कोठें आहे हें विचारलें नाहीं.

पाकीट देवापुढें ठेवावें म्हणून आम्ही वांकलों, तेव्हां त्या बाईंनीं हातानें थांबविलें. आम्हांस वाटलें, पैसे घेणें त्यांस प्रशस्त वाटत नसावें. तसें नव्हतें. त्यांनीं विचारलें, "कवळी नीट बसली होती का?"

या प्रश्नाची आम्हांस कल्पनाच नव्हती. आम्हीं सांगितलें कीं, उत्तम बसली होती. आजोबांनीं १९ वर्षें ज्वारीची भाकरी, हुरडा, ऊंस, सर्व कांहीं त्या दांतांनीं खाल्लें. एकदांही दुरुस्ती लागली नाहीं. बाईंनीं समाधानानें मान हलविली. त्यांच्या ओळखींतल्या कोणाची कोणीं स्तुति करावी, तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्यांनीं आपल्या पुड्यांतून तीन उदबत्त्या आमच्या पुतणीच्या हातीं दिल्या, आणि कशा धरावयाच्या तें दाखविलें. पाकीट आम्हीं पेटींत टाकलें. निघतांना आम्हीं त्यांस चितेगांवचें आमंत्रण केलें. लेण्यांतील गलबत पाहावयास अवश्य या, असें म्हटलें. त्यांनीं आम्हांस त्यांच्या नव्या वर्षाचें आमंत्रण केलें. तें जानेवारी-फेब्रुवारींत अमावास्येला येतें; त्या रात्रीं देवळांत उभें राहावयास जागा नसते, आणि परगांवीं गेलेलीं माणसें तेवढ्यासाठीं परत येतात, असें त्या म्हणाल्या.

घरीं आल्यावर काकांपुढें बसून आम्हीं सारें क्रमानें सांगितलें. देवळाचें, दोन्ही देवांचें, हजेरीचें, दफनभूमीचें. काका डोळे मिटून ऐकत होते. कवळी नीट बसली होती का, हा प्रश्न आला तेव्हां मात्र त्यांनीं डोळे उघडले. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग ते म्हणाले, "हें त्याला सांगावयास हवें होतें. त्या दिवशीं तो दारांत उभा होता, तो पैशांसाठीं नसेल रे. त्यालाही हेंच विचारावयाचें असेल."

चिठ्ठी काकांनीं फाडूं दिली नाहीं. ती पुन्हां पेटींत ठेविली आहे. आमच्या वाचकांच्या घरींही अशा एखाद्या चिठ्ठीची आठवण कोणा वडिलांच्या मनांत असेल. कोणी कासार असेल, कोणी पठाण, कोणी फाळणींत गेलेला शेजारी, कोणी पोलिसांच्या भीतीनें रातोरात उठून गेलेलें बिऱ्हाड. या दिवाळींत नाहीं तर पुढच्या, वह्यांवर हळदकुंकू वाहून झालें म्हणजे त्यांस विचारून ठेवावें. माणूस सांपडेलच असें नाहीं. पण त्याच्या लोकांचें घर सांपडतें, आणि तेथें सांगावयासारखें एखादें वाक्य आपल्यापाशीं निघतें. आमच्या पुतणीनें त्या चिनी नव्या वर्षास पुन्हां माझगांवीं जाण्याचें आतांच ठरविलें आहे. काकांनीं तिच्याबरोबर द्यावयास ज्वारीचें पीठ दळून ठेवा असें सांगितलें आहे. त्या बाईंना भाकरी आवडते कीं नाहीं, हें मात्र आम्हांपैकीं कोणीं विचारलेलें नाहीं.